शोकेसवरचं चाडं

माणूस निवृत्त झाला की त्याला काहीतरी सुचतं. कुणी गच्चीवर कारली लावतो, कुणी पहाटे उठून साऱ्या गणगोताला फुलांचे फोटो पाठवतो. आमच्या ह्यांना पाइप करायचं सुचलं. पाण्याचे नव्हेत, ओढायचे. लाकडाचे, हाताने कोरलेले, साहेब लोक तोंडात धरून विचारात पडल्यासारखे बसतात तसले.

ह्यांनी जन्मात बिडी ओढलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. बँकेत होते. चहासोबत कुणी सुपारी पुढे केली तरी हात जोडायचे. घरात खिळा ठोकायचा झाला तर मी ठोकायची आणि हे खालून सांगायचे, थोडा डावीकडे घे. आणि मी आरोग्यसेविका. अमडापूरच्या आसपासच्या खेड्यांतून सगळी नोकरी मी तंबाखू सोडा, तंबाखू सोडा म्हणत हिंडले. तोंड उघडेनासं झालेली तरणीताठी माणसं पाहिली. आ करा म्हटलं तर दोन बोटंही आत जायची नाहीत. अशा बाईच्या घरात, चिखलीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तंबाखू ओढायच्या यंत्राचा कारखाना निघाला. मला राग आला नाही. राग यायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते.

सुरुवात फोनवरच्या एका व्हिडिओपासून झाली. कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला लाकडाचा ठोकळा घेतो, हलकेच कापतो, घासतो, आणि पाऊण तासात त्याच्या हातात चकचकीत पाइप. त्यामागचे आठवडे कापून टाकलेत हे ह्यांच्या लक्षात आलं नाही. हे म्हणाले, "पाय ना, किती सोपं हाये. भोकं तं दोनच पाडा लागतात."

दोनच भोकं. एक वरून, तंबाखू भरायच्या वाटीचं. दुसरं दांडीतून, धुराचं. आणि हे दुसरं भोक पहिल्याच्या बरोब्बर तळाशी जाऊन मिळालं पाहिजे. सगळी विद्या एवढीच. ह्यांचं भोक कधी वाटीच्या वर निघायचं, कधी बाहेरच. बाभळीच्या पहिल्या पाइपाचं दुसरं भोक दांडीच्या पोटातून असं बाहेर आलं होतं की तो पाइप कमी आणि फुटकी बासरी जास्त दिसत होता. ह्यांनी तो मला दाखवला नाही. मला तो केराच्या डब्यात सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

मग बोरीचं लाकूड आणलं. ओलंच. त्याचा पाइप संध्याकाळी झाला आणि सकाळी उकलला. त्यानंतर ह्यांनी डोकं लढवलं आणि कडुनिंब घेतला. का, तर औषधी. धूरही औषधी होईल. मी म्हटलं, "कडुनिंबाचा पाला कवा चावला काय तुम्ही?" हे म्हणाले, लाकूड वेगळं, पाला वेगळा. मेण लावून, चमकवून झाल्यावर कुणीतरी पेटवून पाहायला हवा होता. ह्यांनी शेजारच्या मास्तरांना बोलावलं, कारण मास्तर बिडी ओढतात. मास्तरांनी एक झुरका घेतला, डोळे मिटले, उठून गच्चीच्या कठड्यापर्यंत गेले आणि खाली थुंकले. परत येऊन म्हणाले, "साहेब, चिलीम दिसाले झकास हाये." ह्यांना चिलीम हा शब्द कडू धुरापेक्षा जास्त झोंबला. पाइप आहे तो, पाइप, असं पुढे आठ दिवस ऐकवत होते. मास्तर मात्र गल्लीभर सांगत सुटले, साहेबांनी चिलमीचा कारखाना टाकला म्हणून. मी कुणाला खोटं पाडायला गेले नाही.

ह्यांचे एक गुरूही होते. पाइप करणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्याचे प्रमुख पुण्याचे एक गृहस्थ. हे त्यांना सर म्हणायचे. त्यांचा फोन आला की आमच्या ह्यांची जीभच बदलायची. घरात दिवसभर 'हाव' आणि 'नाही वं', आणि फोन कानाला लागला की, "हो सर, अगदी बरोबर सर, मी नक्कीच करून पाहतो सर." मी भाजी निवडत ऐकायची. चिखलीचा माणूस पाय ताणून, टाचा उचलून बोलतोय असं वाटायचं. एकदा सरांनी ह्यांच्या एका पाइपाचा फोटो पाहून म्हटलं, तुमच्या कामात एक छान रांगडेपणा आहे. हे दोन दिवस खुशीत. माझ्या मनात आलं ते मी सांगितलं नाही. वरातीतल्या बैलालाही लोक छान म्हणतात, पण त्याला ताटावर बसवत नाहीत.

आता चाड्याचं सांगते, कारण खरी गोष्ट ती आहे.

आमच्या बैठकीत शोकेस आहे. आत कपबश्या, मुलांचे बक्षिसाचे पेले. आणि शोकेसच्या डोक्यावर, एकटंच, एक चाडं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिफणीने, म्हणजे तीन फाळांच्या पाभरीने, पेरणी करताना दांड्यांच्या मध्ये एक लाकडी वाटी बसवतात, ते चाडं. त्याच्या तळाला तीन भोकं. मूठ भरून बी चाड्यात सोडत राहायचं, ते तीन भोकांतून तीन नळ्यांत उतरतं आणि खाली जमिनीतल्या तीन तासांत, म्हणजे ओळींत, पडतं. मूठ सैल सुटली की बी दाट पडतं, आवळली की रान विरळ उगवतं. बघणाऱ्याला वाटतं बैल पेरतात. पेरते ती मूठ.

सुलतानपूरच्या आमच्या वावरात ती मूठ माझी होती. आई अंथरुणाला खिळल्यावर बाबांनी तिफण धरली आणि ओटीत बी बांधून मी चाड्याशी चालायची. शाळा बुडवून. भाऊ तेव्हा बांधावरच्या झोळीत रडायचा. चाड्याचं एखादं भोक मधेच तुंबायचं, बियासोबत काडी किंवा मातीचं ढेकूळ अडकायचं. मग बाबांनी बैल थांबवायच्या आत मी त्यात बोट घालून ते मोकळं करायची. पहिलं बोट, मुळापर्यंत. तिन्ही भोकं माझ्या बोटाला ओळखत होती म्हटलं तरी चालेल. बाबा बोलणारे नव्हते. एकदाच कुणाला तरी म्हणताना ऐकलं, "हिच्या मुठीनं कवा दुबार पेरणी करा लागली नाही."

बाबा गेल्यावर भावाने कागद पुढे केला. वावरावरचा हक्क सोडल्याचा. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी केल्या त्या सह्या मीही केल्या. माहेर तुटू नये म्हणून बायका वावर सोडतात आणि लोक त्याला मोठेपणा म्हणतात. सही करायच्या आधी मी एवढंच म्हटलं, "मले वावर नाही पाह्यजे. बाबाचं चाडं तेवढं दे."

तो म्हणाला, "चाडं? त्याचं काय करतं वं तू?"

"ठेवतो मी."

"घे ना मंग. त्यात काय."

चार दिवसांनी तो चाडं घेऊन आला. पुसून, तेल लावून. मी हातात घेतलं आणि मला कळलं की हे बाबांचं नाही. बाबांच्या चाड्याला काठावर भेग होती. त्या भेगेवर बाबांनी फुटक्या पातेल्याची तांब्याची पट्टी बसवली होती, बारीक तांब्याच्या खिळ्यांनी. ह्या चाड्याला ना भेग, ना पट्टी, ना खिळ्याची खूण. मी भोकात बोट घातलं. आत खरखर. त्यातून बी फारसं वाहिलेलंच नव्हतं. कुणाच्या तरी गुरांच्या कोठ्यातलं उचलून त्याने माझ्या हातावर ठेवलं होतं.

मी ते त्याला परत केलं नाही. उलट ते शोकेसच्या डोक्यावर ठेवलं, दारातून आत येणाऱ्याला पहिलं दिसेल असं. दर भाऊबीजेला तो यायचा, समोरच्या खुर्चीवर बसायचा, आणि मी चहा करायच्या निमित्ताने आत जाऊन त्याला त्या चाड्यासोबत एकटं सोडायची. बघ म्हणावं. बघ आणि गीळ चहा. आपला भाऊ आपल्याला असा फसवतो याचं दुःख मला किती झालं हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. दुःख सांगितलं की लोक समजूत घालतात. तिरस्कार आपला आपल्याजवळ ठेवता येतो. पण खरं चाडं सुलतानपूरला कुठेतरी आहे, आणि ते मला हवं आहे, हे एकही दिवस विसरले नाही. मागणार नव्हते. त्याने आपल्या हाताने आणून द्यावं, मान खाली घालून, एवढंच हवं होतं.

आणि ह्यांचा डोळा नेमका ह्याच शोकेसवरच्या चाड्यावर.

पुण्याच्या सरांनी सांगितलं होतं, लाकूड जुनं हवं, कित्येक वर्षं वाळलेलं, पक्कं शिसम असेल तर उत्तम. हे जेवताना मान वर करून चाड्याकडे बघायचे, पोरगं बरणीतल्या लाडवाकडे बघतं तसे. "तीन भोकं तं तयारच हायेत त्याले," असं एकदा बोलूनही गेले. "वाटीचं भोक पाडाची गरजच नाही. तीन तुकडे, तीन पाइप."

मी म्हटलं, "त्याले हात लावला तं तुमची करवत मी भंगारवाल्याले देईन."

ह्यांनी बिचाऱ्यांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. त्यांना वाटलं, बापाची आठवण आहे, जीव आहे हिचा त्यात. ह्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. म्हणाले, "नाही वं. तुझ्या बाबाचं हाये ते. मले समजते." मला हसू आवरलं नाही. कुणाच्या तरी फेकलेल्या चाड्यापुढे हे मान झुकवत होते.

मग हे एकदा सुलतानपूरला जाऊन आले. एसटीने, मला न सांगता. आल्यावर एक पोतं थेट गच्चीवर गेलं. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, आणि गच्चीवरच्या उद्योगाकडे बघायची मला हौसही नव्हती. खाली फक्त आवाज यायचे. करवतीचा, कानशीचा, मग पॉलिश पेपरचा, दिवसभर तोच. जेवायला खाली यायचे तेव्हा भुवयांवर तांबूस भुसा. पहिल्यांदाच गप्प असायचे. मला वाटलं, हाही पाइप उकलला असणार.

एक दिवस जेवताना हे कुरकुरले. "तुझ्या भावानं लाकूड तं एक नंबर देल्लं. पण त्यात खिळा निघाला. करवतीचे दात गेले."

"लाकडात खिळे राहतातच," मी म्हटलं.

"अवं, लोखंडाचा नाही. तांब्याचा. हिरवा पडलेला. इतकासा. एक नाही, ओळीनं होते काठाले. पट्टी कोणी तरी उपटून घेतली अन् खिळे मधातच मोडले. म्या भुसा अन् गोंद कालवून अशी भोकं बुजवली, का तुले सांगूनही दिसाचं नाही."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. मी विचारलं, "कायचं लाकूड होतं ते?"

हे जरासे लाजले. मग म्हणाले, "चाडंच होतं. जुनं. कोठ्यात कडब्याखाली पडेल होतं. म्या म्हटलं, तुझं वाचलं. तुले दाखवणारच होतो, सारं झाल्यावर."

आणि उठले, वर गेले, आणि घेऊन आले.

खरं सांगते, पाइप चांगला झाला होता. ह्यांच्या हातून झालेली ती पहिली धड वस्तू. काळपट शिसम, बोटं फिरवली तर रेशमासारखं, आणि दांडीतलं भोक बरोब्बर तळाशी गेलेलं. वाटीच्या खालचं तोंड ह्यांनी लाकडाचा गुटका बसवून बंद केलं होतं. काठावर, नीट बघितलं तर, बुजवलेले ठिपके. मी काही बोलायच्या आत ह्यांनी त्यात चिमूटभर तंबाखू भरला, काडी ओढली आणि जन्मातला पहिला झुरका घेतला. खोकत खोकत पाइप टेबलावर टाकला. "गंधक!" म्हणाले. "गंधकाचा वास येऊन राह्यला!"

येणारच. ज्वारीवर काणीचा रोग पडू नये म्हणून बाबा पेरायच्या आधी बियाला गंधक चोळायचे. माझ्या ओटीला, हातांना, केसांना तो वास असायचा. शाळेत पोरी लांब बसायच्या त्याने. तो वास मी इतक्या वर्षांनी माझ्या बैठकीत, तंबाखूच्या धुरात घेतला आणि रडले. ह्यांना काही कळेना. आधी त्यांनी पंखा लावला, मग पाणी आणलं, मग डॉक्टरला फोन करू का विचारलं. तेव्हा मी सगळं सांगितलं. शोकेसवरचं खोटं, कोठ्यातलं खरं.

हे खुर्चीत बसले ते उठेचनात. "म्या तुझं वाचवाले गेलो वं," एवढंच दोनदा म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट मनापासून जपायची ठरवली आणि ती जपण्याच्या नादात नेमकी तीच कापली, त्याच्यावर काय ओरडणार.

"बाकीचे तुकडे?" मी विचारलं.

तीनपैकी एक खिळ्यापाशी फुटला होता, भेगेतच. त्याचा ह्यांनी, गच्चीवर चहासाठी ठेवलेल्या स्टोव्हजवळ, काड्यांचा खोका ठोकला होता आणि उरलेलं जाळलं होतं. दुसऱ्याचा पाइप झाला होता आणि तो पुण्याला गेला होता. सरांना भेट.

ह्यांनी तेव्हाच फोन लावला. मी समोरच बसले होते. सुरुवात नेहमीसारखी झाली, नमस्कार सर, थोडी अडचण झाली आहे सर. पलीकडून हसण्याचा आवाज आला. सरांनी तो पाइप पुढे कुण्या मित्राला देऊन टाकला होता, वास येतो म्हणून. आणि भेट दिलेली वस्तू परत मागतात का, असंही म्हणाले. मग ह्यांच्या तोंडून सगळं पुणं गळून पडलं. "वापस आना ते, साहेब. ते पाइप नोहोय. माह्या बायकोच्या बापाचं चाडं हाये ते. तुमाले काय समजते त्याच्यातलं?" फोन बंद झाला. संध्याकाळी ह्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या संध्याकाळी मी ह्यांना न मागता साजूक तुपातला शिरा करून दिला.

पाइप परत आला नाही. पाइपांतला उरला तो एकच. मी तो धुतला नाही. शोकेसच्या डोक्यावर, चाड्याच्या शेजारी ठेवला.

भाऊबीजेला भाऊ आला. नवी पँट, मिशीला काळा रंग, गाडीत मागे त्याच्या ट्रॅक्टरचा कुठला सुटा भाग. वावर आता पेरणीयंत्राने पेरतात, बैल कधीच विकले. मी पाट मांडला, ओवाळलं, कुंकू लावलं. त्याने ताटात ओवाळणी टाकली. मग मी शोकेसवरून चाडं खाली काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे घेऊन जाय."

"काऊन वं ताई?"

"बाबाचं नाही म्हणून. कोणाचं हाये त्याले वापस दे."

त्याने चाडं फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे. "तुले मालूम होतं?"

"पहिल्या दिसापासून."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू कवा लाजतं ते पाहून राह्यली होती."

मी वाट पाहिली. इतक्या दिवाळ्यांचा तिरस्कार मी ह्या एका क्षणासाठी मुरवत ठेवला होता. आणि माझा भाऊ, कपाळावर माझंच कुंकू असलेला, खरोखरच चकित होऊन म्हणाला, "म्या तं दरसाली पाहो अन् मनातल्या मनात खुश होऊ. का ताईनं किती जपून ठेवलं. मले वाटे, हेच बाबाचं म्हणून पटलं तुले."

म्हणजे त्याने काही गिळलं नव्हतं. तो खुर्चीवर बसून चहा पीत होता, चिवडा खात होता, आणि समाधानाने शोकेसकडे बघत होता. मी आतल्या खोलीत उभी राहून ज्याला शिक्षा देत होते, तो बाहेर मजेत होता.

"बाबाचं देल्लं असतं तं काय झालं असतं?" मी विचारलं.

"लेकीले चाडं देल्लं तं घरची बरकत जाते म्हणत. मोठ्या काकूनं सांगतलं होतं. म्या काय मुद्दाम केलं नाही."

"आन् दाजीले देल्लं ते?"

तो म्हणाला, "दाजीनं लाकूड मांगलं होतं. चाडं कुठी मांगलं?"

हे बाजूच्या खुर्चीत बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. मला भयंकर संताप आला. मुलीने मागितलं तेव्हा त्या वाटीत घराची बरकत होती. जावयाने मागितलं तेव्हा ती कडब्याखालचं लाकूड झाली, तांब्याची पट्टी आधी भंगारात घालून. आणि ह्यात आपण काही वाईट केलं असं ह्या माणसाला वाटत नव्हतं, आजही नाही. मी त्याला पाइप दाखवलाही नाही. त्याला त्यात काय दिसलं असतं? म्हणाला असता, दाजीनं चिलीम झकास केली.

तो जेवला. पुरण दोनदा मागून घेतलं. निघताना त्याने ते चाडं पिशवीत घातलं, वरून माझ्याकडचंच वर्तमानपत्र लावलं, आणि माझ्या पाया पडून गेला. मी दिलेली वस्तू म्हणून घेऊन गेला तो. त्याच्या घरी आता ते कुठेतरी दिसेल अशा जागी ठेवलं जाईल, ताईनं दिलं म्हणून.

दार लावून मी बसले. शोकेसवर आता तो एकटा पाइप होता. ह्यांनी तो खाली काढून माझ्या हातात दिला आणि समोर बसले. बाहेरून ह्यांनी घासून घासून त्याचं सगळं रूप बदलून टाकलं होतं. पण वाटीच्या आत कानस लावली नव्हती. तिथे गरजच नव्हती, ते भोक आधीच गुळगुळीत होतं, इतक्या पेरण्यांचं बी त्यातून गेलेलं.

मी पहिलं बोट आत घातलं. ते गेलं नाही. सांध्यापाशी अडलं. म्हातारपणी सांधे सुजतात, मी कितीतरी बायांना हे सांगितलंय, गरम पाण्यात हात धरा म्हणून. मी वळवून पाहिलं, दाबून पाहिलं. माझं बोट चाड्याच्या भोकात जाईना.

हे बघत होते. म्हणाले, "थोडं मोठं करून देऊ काय? कानशीनं, अलगद."

मी म्हटलं, "हात लावाल तं पाहा."

मग करंगळी घालून पाहिली. ती गेली.